एकादशीची पेरणी : दोघांच्या ताटापुरती परसबाग

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही मेथीचं अख्खं पाकीट एकाच दिवशी पेरलं. महिन्याभरात सगळी मेथी एकदम हाताशी आली. त्या आठवड्यात मेथीची भाजी झाली, धपाटी झाली, मेथीचं पिठलं झालं, शेजारीपाजारी जुड्या गेल्या, आणि तरी उरलेली फुलावर गेली. पुढचे दोन महिने मेथी पुन्हा मंडईतून आणली. वाफा तोच होता, पाणी तेच होतं. चूक पेरणीच्या दिवसात होती. दोन माणसं एका वेळी एक जुडी खातात, आणि आम्ही दहा जणांच्या घरासारखं पेरून ठेवलं होतं.

तेव्हापासून आमच्या साताऱ्याच्या घरी बाग चालते ती ताटाच्या मापाने. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, मी प्राथमिक शाळेतून. अंगण लहान, गुडघे दोघांचे कुरकुरणारे. तरीही पालेभाजी आणि कोथिंबीर आम्ही आता क्वचितच विकत आणतो. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत आणि घरात दोनच ताटं मांडली जातात, त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत जशी करतो तशी लिहिते आहे.

आधी वही, मग कुदळ

रोपवाटिकेत जाण्याआधी पंधरा दिवस फक्त लिहा. रोज काय शिजलं, किती शिजलं, किती उरलं. आमच्या वहीतून निघालं ते असं: आठवड्यातून चार दिवस पालेभाजी, एका वेळी निवडून साधारण पाव किलोच्या आत. कोथिंबीर आणि कढीपत्ता रोज. हिरव्या मिरच्या दिवसाला दोन-तीन. आठवड्यातून दोनदा वेलाची भाजी, म्हणजे दोडका, घोसाळं, दुधी यांतलं काहीतरी. वांगी एकदा. कोबी महिन्यातून एकदा.

यातून काय लावायचं हे जितकं कळलं, त्याहून काय लावायचं नाही हे जास्त कळलं. कोबी आणि फ्लॉवर दोन-तीन महिने जागा अडवून बसतात आणि एका झाडाला एकच गड्डा देतात. कांदा-बटाटा बाजारात स्वस्त आणि टिकाऊ. म्हणून हे सगळं आम्ही विकत आणतो. उलट कोथिंबीर दोन दिवसांत मलूल होते आणि लागते मात्र चार काड्या. जे ताजं लागतं, थोडं लागतं आणि वारंवार लागतं, ते दारात हवं.

वहीत आणखी एक रकाना ठेवा, औषधांचा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका. त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा त्या गोळीच्या कामावर परिणाम होतो. डॉक्टरांना सांगून रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. ज्यांना मुतखड्याचा त्रास झालेला आहे, त्यांनी पालक, अळू आणि चुका याबद्दल आधी विचारावं, कारण यांत ऑक्झलेट भरपूर असतं. बाग लावून झाल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं.

वाफा आपल्या अंगाच्या मापाचा

साठीनंतर जमिनीवर उकिडवं बसून खुरपणं हा रोजचा उद्योग होऊ शकत नाही. पहिलं वर्ष आम्ही तसं करून पाहिलं आणि पावसाळ्यात ह्यांची पाठ धरली. मग गवंड्याकडून विटांचा दोन फूट उंच, तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब असा वाफा बांधून घेतला.

यातलं प्रत्येक माप कारणाने ठरलं आहे. दोन फूट उंचीला वाफ्याच्या कडेवर टेकून काम करता येतं. तीन फूट रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट हात पोचतो. यापेक्षा रुंद केला तर मधलं तण काढायला आत चढावं लागतं आणि माती दबते. वाफा भिंतीला चिकटून असेल तर रुंदी दोनच फूट ठेवा. लांबी आठ फूट का, ते पुढे एकादशीच्या हिशोबात येईल. तळाशी दर दोन फुटांवर पाणी जायला भोक ठेवायला गवंड्याला बजावून सांगा.

दोन फूट उंच वाफा सगळा मातीने भरायची गरज नाही. खालच्या अर्ध्या भागात नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या, उसाचं पाचट आणि झाडलोटीचा पालापाचोळा दाबून भरा. वर एक फूट मिश्रण: एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग चाळलेला कुजका पाला. आमच्याकडची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते, तिला हा पाला सैल ठेवतो. तुमच्याकडे कोकणातली तांबडी माती असेल तर पाणी लवकर निथळून जाईल, तिथे कंपोस्ट थोडं जास्त घाला. वर्षभरात सगळं चार-सहा इंच खाली बसतं. दर उन्हाळ्यात तेवढी भर घालायची.

अंगण नाही, गॅलरीच आहे, तर भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, आतून गोणपाट लावा आणि तेच मिश्रण भरा. आठ क्रेट म्हणजे आमचा एक वाफा. गच्चीवर विटांचा वाफा बांधण्याआधी मात्र स्लॅब किती वजन पेलेल हे जाणकाराला दाखवा, ओली माती फार जड असते. पालेभाजीला चार तास ऊन मिळालं तरी भागतं. फळभाज्यांना सहा तास हवेच.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. ते दर १० वर्षांनी घ्यायचं असतं. मातीत हात घालण्याआधी दोघांनीही शेवटचं कधी घेतलं ते आठवा.

एकादशीचं गणित

आता मुख्य गोष्ट. थोडं थोडं पेरायचं हे सगळ्यांना पटतं, पण पंधरा दिवस झाले हे लक्षात कुणाच्या राहतं? मला एकादशीचा उपवास. त्या दिवशी स्वयंपाक आटोपशीर, सकाळ मोकळी. ह्यांना मधुमेह असल्याने ते उपवास करत नाहीत, त्यांच्यापुरत्या दोन भाकऱ्या आणि आमटी झाली की ओटा पुसून होतो. म्हणून पेरणी एकादशीला. महिन्यातून दोनदा, वर्षाच्या चोवीस, अधिक महिना आला तर सव्वीस. कालनिर्णय भिंतीवर असतंच, वेगळी नोंद लागत नाही. तुम्ही उपवास करत नसाल तर पेन्शनीचा दिवस आणि त्यानंतरचा पंधरावा दिवस धरा. दोन पेरण्यांतलं अंतर सारखं राहिलं म्हणजे झालं.

भाज्यांचं वयही मी आता एकादशांत मोजते. मेथी दोन एकादशांची: पंचविसाव्या दिवसापासून उपटायला लागायचं आणि तिसाव्या दिवशी जागा मोकळी. कोथिंबीर तीन एकादशांची. शेपू आणि चुकाही तीनच्या आसपास. लाल माठ दोनमध्ये येतो.

आठ फुटांच्या वाफ्यावर सुतळीने एकेक फुटाच्या आठ पट्ट्या पाडा. प्रत्येक पट्टी एक फूट बाय तीन फूट. यांतल्या दोन मेथीच्या, तीन कोथिंबिरीच्या, तीन तिसऱ्या भाजीच्या, म्हणजे शेपू, चुका, माठ किंवा पाल्यासाठी मुळा. गाडी एकदा सुरळीत चालू लागली की दर एकादशीला बरोबर तीन पट्ट्या रिकाम्या होतात, तिन्हींतली एकेक. त्याच दिवशी त्या भरायच्या, पण जागा बदलून: मेथी निघाली तिथे कोथिंबीर, कोथिंबीर निघाली तिथे तिसरी भाजी, तिसरी निघाली तिथे मेथी. मेथी शेंगवर्गातली आहे, तिच्या मुळांवरच्या गाठी मातीला नत्र देतात, ते पुढच्या कोथिंबिरीला मिळतं. शिवाय एकाच जागी तेच पीक न आल्यामुळे रोगही कमी.

सुरुवात करताना आठही पट्ट्या एकदम पेरायचा मोह होतो. पहिल्या एकादशीला तीनच पेरा. दुसऱ्या एकादशीला पुढच्या तीन. तिसरीला उरलेल्या दोन, आणि पहिली मेथी निघालेली असेल ती एक. इथून पुढे चक्र आपोआप फिरतं. पहिला महिनाभर वाफ्याचा काही भाग रिकामा दिसेल, तो पाल्याने झाकून ठेवा.

पालक या चक्रात घेऊ नका. तो कापून पुन्हा येतो. एका क्रेटमध्ये पेरला तर महिना-सव्वा महिन्याने पहिली कापणी आणि मग साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी आणखी तीन-चार. कापताना बुडाशी इंचभर ठेवायचं.

बियाणं डब्यातच आहे

मेथीदाणे, धने, मोहरी हे मिसळणाच्या डब्यातलंच चालतं, फक्त जुनं किंवा भाजलेलं नको. शेपूचं बी म्हणजे बाळंतशेपाच. घरात आणून ठेवलेला असेल तर तोच पेरा. पालक, माठ, चुका यांचं बी विकत घ्या. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी-निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते स्वयंपाकघरात ठेवायचं नाही आणि पेरून झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

मेथी: तीन चौरस फुटांच्या पट्टीला दोन लहान चमचे दाणे रात्री भिजत घाला. सकाळी पट्टीवर ओंजळभर कंपोस्ट पसरून हाताने हलवा, दाणे सारखे पसरा, वर अर्धा इंच चाळलेली माती. झारीने पाणी. तीन-चार दिवसांत उगवते.

कोथिंबिरीला जरा समजून घ्यावं लागतं. धन्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बिया चिकटलेल्या. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकं दाबलं की दोन डाळिंब्या सुट्या होतात. जोर लावला तर भुगा होईल. या डाळिंब्या रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पाचव्या दिवशी उकरून बघतात आणि मोडतात. पट्टीवर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि सातव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून पाहा. पहिले कोंब दिसले की गोणपाट काढायचं, नाहीतर रोपं पिवळी पडतात. कोथिंबीर उपटण्याऐवजी बाहेरची पानं कातरीने कापलीत, तर एक पट्टी पंधरवडा पुरते.

पाणी सकाळी. बोट पेरभर मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी मी दिवसभर बादलीत साठवते आणि ते वाफ्याला जातं. भांड्यांचं साबणाचं किंवा मिठाचं पाणी नाही. पाण्याची नळी वापरून झाली की गुंडाळून खुंटीला अडकवायची. अंगणात पसरलेल्या नळीत पाय अडकून या वयात पडणं म्हणजे काय, ते शेजारच्या आजींचं पाहिलं आहे.

मृगापासून होळीपर्यंत, आणि मग कडक ऊन

हे चक्र दसऱ्यापासून होळीपर्यंत सगळ्यांत सुंदर चालतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यात फेरफार करावा लागतो.

जुलै-ऑगस्टच्या झडीत मेथी आणि कोथिंबीर कुजतात. त्या दिवसांत दोन-तीन पट्ट्यांवरच बांबूच्या कमानीवर प्लास्टिक टाकून कोथिंबीर राखते. बाकी जागा पावसाळी पालेभाज्यांना: अंबाडी, तांदुळजा, माठ. अळूचा कंद मे महिन्यात न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला लावला की पुढे त्याला विचारावं लागत नाही. भाजीचं अळू वेगळं आणि वडीचं काळसर देठाचं वेगळं, दोन्हींचा एकेक कंद लावा. मायाळूची बोटभर काडी मातीत खोचली तरी लागते. ती कुंपणावर सोडा, पानांची भजी होतात आणि डाळीत घातली तर आमटीला छान दाटपणा येतो.

एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर पानं धरण्याआधीच फुलावर येते. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली तर थोडी तग धरते, पण या दोन महिन्यांत मी तिच्यामागे लागत नाही. माठ, राजगिरा, चुका आणि पुदिना यांवर काम भागतं. वाफ्याच्या रिकाम्या पट्ट्यांत त्या वेळी भर घालून घ्यायची. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला वाफ्याच्या एका टोकाबाहेर हळदीचे चार-पाच कंद लावते. नागपंचमीला पातोळ्यांना पानं मिळतात आणि पौष-माघात ओल्या हळदीच्या लोणच्यापुरते कंद.

वेल एकेकच

दोघांच्या घरात कुठलाही वेल एकाहून जास्त लावू नये, हे मी अगदी ठासून सांगते. दोडक्याचा एक, घोसाळ्याचा किंवा पडवळाचा एक, तोंडलीचा एक. कारलं आवडत असेल तर तेही एक. एका दुधीच्या वेलाला एकदम चार दुधी लागले की त्यातला एक घरी आणि तीन वाटायला.

तोंडलीचं रोप बियांपासून करू नका. तोंडलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, आणि बी कुठला देईल सांगता येत नाही. ज्या वेलाला तोंडली लागलेली डोळ्यांनी पाहिली आहेत त्याची पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावा. मांडव माणसाच्या डोक्याएवढाच उंच घाला, स्टुलावर चढायची वेळ येता कामा नये. आमचा मांडव ह्यांनी जुन्या पाइपांचा केला आहे आणि तो एका हाताने गदागदा हलवून पाहिल्याशिवाय ते वेल चढू देत नाहीत.

फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही, ही तक्रार नेहमीची. आधी काही दिवस नरफुलंच येतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काळजी करू नका. मादीफुलाच्या मागे बारीकसं फळ दिसतं, नरफुलाला नुसता देठ. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातली पूड मादीफुलाच्या मधोमध टेकवायची. वेळ मात्र सांभाळा: घोसाळं आणि कारलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. आम्ही कित्येक दिवस दुधीच्या फुलांशी सकाळी खटपट करत होतो. मग एकदा दिवेलागणीला सहज मांडवाखाली गेले, तर सगळी पांढरी फुलं उघडलेली. “अहो, लवकर या, हे बघा!” म्हणून ह्यांना हाक मारली. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून तीन फुलं लावली, आणि त्यातले दोन दुधी धरले.

पावसाळ्यात मांडवाखाली संध्याकाळी जाताना पायात गमबूट आणि हातात बॅटरी हवी. पाल्याच्या ढिगाजवळ साप येतात.

वांग्याची तीन झाडं, मिरचीची चार आणि भेंडीची आठ-दहा ही दोघांना पुरतात. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकलेला दिसला तर आत अळी आहे. तो शेंडा दोन बोटं खालपासून कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, कचऱ्यात टाकू नका.

खत आणि औषध

दोन माणसांचा ओला कचरा रोजचा जेमतेम एक तसराळंभर. रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्यांना बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा. एक तसराळं ओला कचरा टाकला की त्यावर दोन तसराळी वाळका पाला, मूठभर जुनं कंपोस्ट. शिजलेलं तेलकट अन्न आणि दूध-दही नाही. आठवड्यातून एकदा काठीने हलवायचं. वास आला तर पाला कमी पडला आहे, कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. एक भरली की दुसरी सुरू. दोन-अडीच महिन्यांत पहिलीतला चहापत्तीसारखा भुगा चाळून घ्या.

शेतीचे प्रयोग करणाऱ्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून घरोघरी गेलेलं अमृतजल हे पातळ खत आम्ही महिन्यातून एकदा करतो: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सावलीत झाकून, दिवसातून दोन-तीनदा ढवळून, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून मुळाशी द्यायचं. एवढं दोघांच्या बागेला फार होतं, आम्ही सगळी मापं निम्मी घेतो. पानांवर ते उडू देऊ नका, आणि जी भाजी पंधरा दिवसांत काढायची आहे तिला देऊच नका. वेल, वांगी, कढीपत्ता यांच्यासाठी ठेवा.

मावा दिसला तर आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा, दोन दिवस लागोपाठ. न गेल्यास निंबोळी अर्क. जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवून ठेवतो. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायचं. हा ५ टक्क्यांचा अर्क झाला. करायचा तो त्याच दिवशी संपवायचा.

दोघांचा स्वयंपाक

दोघांसाठी रांधताना मसाल्याचं माप निम्मं करून चालत नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. पाव किलोच्या भाजीला अर्ध्या किलोच्या निम्मं तेल घातलं तर फोडणी कढईला चिकटते. कढईच लहान घ्यायला हवी. चार अंगुळं खोल, वीतभर व्यासाची लोखंडी कढई दोघांच्या भाजीला पुरते आणि हाताला जडही होत नाही.

शेपू आम्ही मूगडाळ घालून करतो. दोन मुठी मूगडाळ तासभर भिजवायची. दोन चमचे तेलात जिरं, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मग डाळ, झाकणावर पाणी ठेवून वाफ. डाळ बोटचेपी झाल्यावरच चिरलेला शेपू, कारण तो पाच मिनिटांत शिजतो आणि जास्त शिजला की त्याचा वास उडून जातो. मीठ शेवटी. पालेभाजी आक्रसते, आधी घातलं की खारट होते. रक्तदाब असलेल्यांना ही सवय फार उपयोगी.

आमच्या बागेचा खरा सण म्हणजे ऋषिपंचमी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं न खाण्याची रीत. नांगर न लागलेलं, परसात हाताने लावलेलं तेवढंच पानात. त्या दिवशी जी ऋषीची भाजी होते तिच्यासाठी मी जूनपासून उलटा हिशोब करते. अळू मेमध्येच लागलेलं असतं. दोडका, पडवळ आणि मक्याचे चार दाणे जूनमध्ये, भेंडी जुलैच्या सुरुवातीला, लाल माठ सणाच्या दोन एकादशा आधी.

दोघांसाठी ही भाजी कमी करणं अवघड, कारण एकेक मूठ म्हटलं तरी दहा भाज्या होतात. मी मोठं पातेलंच लावते आणि दोन घरी वाटीभर पाठवते. अळूची सहा पानं देठांसकट, हाताला तेल लावून चिरायची. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाज येते. माठाचे जाड देठ सोलून बोटभर तुकडे. मक्याच्या एका कणसाची चाकं. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात बुडवून. मूठभर ओले शेंगदाणे. हे सगळं जाड बुडाच्या पातेल्यात दीड वाटी पाण्यात आधी शिजत टाकायचं, वर झाकणावर पाणी. पंधरा मिनिटांनी लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी आणि चिरलेला पाला. भेंडी बुळबुळू नये म्हणून त्याच वेळी चिंचेचा कोळ किंवा मूठभर चुका, दोन हिरव्या मिरच्या मोडून, मीठ. अळू पूर्ण शिजायलाच हवं, कच्चं राहिलं तर घसा धरेल. उतरवताना अर्धी वाटी ओलं खोबरं आणि चमचाभर लोणी. फोडणी नाही, हळद-तिखट नाही. पहिल्या घासाला सपक वाटते, तिसऱ्या घासाला प्रत्येक भाजी वेगळी कळते. ह्यांना एरवी झणझणीत लागतं, पण या भाजीचं पातेलं ते संध्याकाळी स्वतः निपटून काढतात.

दोडक्याच्या शिरा फेकू नका. तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मीठ घालून जाडसर कुटा. चटणी आठवडाभर टिकते. मुळ्याचा पाला बेसन पेरून करा. कोथिंबीर कधी जास्त झालीच तर वड्यांचे उंडे वाफवून फ्रीजमध्ये ठेवा, हव्या तेव्हा चार चकत्या कापून तव्यावर परतता येतात. मिरच्या उरल्या तर चैत्रात सांडगी मिरची.

थंडीत भोगीच्या भाजीला घरचा पावटा हवा असेल तर त्याचे दाणे पावसाळ्यातच, जुलै-ऑगस्टमध्ये कुंपणाला टोचा. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही, म्हणून उशीर झाला तरी चालेल, पण दिवाळीनंतर लावून संक्रांतीला शेंगा मिळणार नाहीत.

गावाला जाताना

नातवंडांकडे पंधरा दिवस जायचं असेल तर जाण्याआधीची एकादशी पेरणीशिवाय सोडा. कोवळी रोपं पाण्याशिवाय राहत नाहीत. मोठ्या पट्ट्यांवर दोन इंच पाचटाचं आच्छादन घाला, क्रेट सावलीत ओढून घ्या. वांगी आणि वेलांच्या बुडाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर वाटी झाकून ठेवा. भाजलेलं पण न रंगवलेलं मडकं झिरपत राहतं आणि तीन-चार दिवस ओल टिकते.

मग किल्ली शेजारी देताना नुसतं “पाणी घाला” म्हणू नका. भेंडी, तोंडली, दोडका तोडून घरी न्या, असं स्पष्ट सांगा, शक्य तर हात धरून कुठल्या तोडायच्या ते दाखवा. संकोचाने लोक तोडत नाहीत, आणि झाडावर जून शेंगा राहिल्या की ते नवं फूल धरायचं थांबवतं. आम्ही गेल्या वर्षी परत आलो तेव्हा भेंडीला फुलं तशीच होती, कारण शेजारणीने पंधरा दिवस नेमाने भाजी खाल्ली होती. आल्या संध्याकाळी तिनेच आमच्या भेंडीची वाटीभर भाजी आणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती.